दोन वाजताची हजेरी

हिवाळा आठवड्यावर येऊन ठेपला होता, आणि तरीही त्या गुरुवारी सकाळी नऊ वाजताच व्हर्ना डोहनीच्या दोरीवरच्या चादरी खडखडीत वाळल्या. उत्तरेकडून, आतल्या कोरड्या मुलखावरून, ऊन-ऊन वारा सुटला होता. माश्या तोंडावरून हटत नव्हत्या. आकाशाला गढूळ तांबूस रंग चढला होता. पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात थंडी जूनमध्ये सुरू होते; तिथल्या पोर्ट हॅलम या कोळ्यांच्या गावात मे महिन्याच्या अखेरीला असा दिवस उजाडला की जाणती माणसं खूश होत नाहीत. ती सरपण घरात आणून टाकतात आणि छपराचा सैल पत्रा ठोकून घेतात. हा ऊबदार वारा आपल्या मागून काय ओढून आणतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रावरून थंड हवेची आघाडी चाल करून येते आणि तासाभरात हवेचं रूपच पालटून टाकते. गावात तिला नुसतं ‘बदल’ म्हणतात. बदल कधी येणार, एवढंच विचारायचं असतं.

व्हर्नाने स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या बॅरोमीटरला बोटाने टिचकी मारली. काटा थरथरला आणि आणखी एक घर खाली उतरला.

ती त्रेसष्ट वर्षांची होती, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. स्वयंपाकघराला लागून एक चिंचोळी खोली होती, पूर्वी तिथे लोणची-मुरंबे ठेवायचे. त्या खोलीत बंदरावरच्या बोटींशी बोलायचा रेडिओ होता, आणि गेली एकवीस वर्षं तो व्हर्ना चालवत होती. सकाळी सहाला ती हवामान वाचून दाखवायची आणि एकेका बोटीला हाक मारायची. दुपारी दोनला पुन्हा हाक. हाकेला ओ आली की वहीत त्या बोटीपुढे खूण. याला सगळे हजेरी म्हणत. तिला याचा पगार नव्हता. नाताळात कोळी मंडळी एक मोठी शेवंड आणि एक बाटली आणून द्यायची, बस.

त्या दिवशी सकाळी सहाची हजेरी नेहमीसारखीच झाली होती.

‘‘व्हर्न, आज काय वाढून ठेवलंयस आमच्यापुढे?’’ ‘लोरेटा’ बोटीवरून डेस कॅरथ्यूने विचारलं.

‘‘दुपारी लवकर बदल येतोय. नैऋत्येचा वारा, पस्तीस ते पंचेचाळीस नॉट. लाटा पाच मीटर. बाराच्या आत घरी या सगळे.’’

‘‘जेवायला घालणार असशील तर अकरालाच येतो.’’

‘‘आधी बायकोला विचार.’’

‘‘तिनंच हाकललंय म्हणून तर इथे आलोय ना!’’

नऊ बोटी होत्या. आठ जणांनी तोंडाने उत्तर दिलं. नवव्या बोटीला व्हर्नाने हाक मारली, ‘‘पेट्रल, पेट्रल, ऐकतोयस का?’’ आणि उत्तरादाखल फक्त आवाज आला: खट्, खट्. कोणीतरी माइकचं बटण दोनदा दाबून सोडलं होतं. व्हर्नाने ‘पेट्रल’पुढे खूण केली.

हा तिचा धाकटा भाऊ. रॉली पेन्गिली, वय एकोणसाठ.

त्याचं असं झालं होतं, की दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एका दुपारी रॉलीने हजेरीला ओ दिली नाही. व्हर्नाने पाच वेळा हाक मारली. सहाव्यांदा तिने पोलीस सार्जंटला फोन लावला. मग काय, बाकीच्या आठही बोटी आपापले शेवंडीचे पिंजरे तसेच टाकून शोधायला निघाल्या, शहरातून विमान आलं, नोला—रॉलीची बायको—धक्क्यावर उभी राहून रडली. रॉली सापडला तो एका बेटाच्या आडोशाला, टोपी डोळ्यांवर ओढून, गळ टाकून बसलेला. रेडिओ त्याने स्वतःच बंद केला होता, घटकाभर डोकं शांत राहावं म्हणून. त्यानंतर महिनाभर गावाने त्याची धिंड काढायचंच बाकी ठेवलं. पबमध्ये त्याच्या खुर्चीला कोणी गायीची घंटा बांधली. दुकानात कोणी म्हणायचं, ‘‘रॉली, बहिणीला विचारून आलायस ना?’’

रॉली एकदाच व्हर्नाच्या दारात आला. आतही आला नाही. ‘‘तुला कोणी सांगितलं होतं सगळं गाव उठवायला?’’ म्हणाला. ‘‘मी काय सात वर्षांचा आहे?’’

‘‘तू ओ दिली नाहीस,’’ व्हर्ना म्हणाली.

‘‘मग वाट बघायची. माणसं वाट बघतात.’’

तेव्हापासून तो तिच्याशी बोलला नव्हता. दिवसातून दोनदा ती हाक मारायची आणि तो बटण दाबायचा. सगळ्या बोटी ते ऐकायच्या. सुरुवातीला कोणी हसायचं. मग तेही सवयीचं झालं.

त्या गुरुवारी अकराच्या सुमाराला नोला आली. हातात क्विन्सच्या फळांची टोपली होती, झाडावर राहिलेली शेवटची फळं. ती ओट्याशी टेकली आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, ‘‘मे महिना आहे की काय आहे हे!’’

‘‘तो आला का?’’ व्हर्नाने विचारलं. नाव घ्यायची गरज नव्हती.

‘‘कुठला येतोय. बाहेर, खोल समुद्रातल्या कातळावर गेलाय. वीस पिंजरे तिकडे आहेत. हंगाम संपायला आठ दिवस उरले, म्हणे वारा जमिनीवरून आहे तोवर कातळाशी समुद्र ताटासारखा सपाट असतो, आजच उचलून घेतो.’’

‘‘अकरा मैल आहे ते, नोला.’’

‘‘मला काय सांगतेस? मी म्हटलं त्याला, तुझ्या बहिणीने बारा सांगितलेत. तर म्हणतो, ती बारा म्हणाली म्हणजे दोन समजायचे.’’ नोला हसली, पण खिडकीकडे बघत. ‘‘वीम आहे बरोबर. तो डचमन घाबरट आहे, आणेल ओढून.’’

वीम हा रॉलीचा खलाशी, पन्नाशीचा, पोट सुटलेला, शांत माणूस. बारा वर्षं त्याच्या बोटीवर होता.

‘‘दोन वर्षं झाली व्हर्ना,’’ नोला जाता जाता म्हणाली. ‘‘आता पुरे की. कोणीतरी एकाने बोला.’’

‘‘मी बोलतेच आहे. रोज दोनदा.’’

‘‘आणि तो खट् खट्. तुमच्या आईने तुम्हाला काय खाऊ घातलं होतं देव जाणे.’’

बाराच्या आत आठ बोटी बंदरात आल्या. व्हर्नाने खिडकीतून मोजल्या. बाराला वारा पडला. एकदम, दार लावल्यासारखा. झाडाची पानं हलेनाशी झाली, माश्यासुद्धा कुठेतरी गेल्या. नैऋत्येला क्षितिजावर काळी लांबलचक पट्टी दिसत होती, कोणी समुद्राच्या कडेला रूळ फिरवत आणावा तशी ती जवळ येत होती. पट्टीच्या खाली पाणी पांढरं दिसत होतं.

बारा चाळीसला बदल आला. आधी गार हवेचा एक झोत आला, तळघराचं दार उघडावं तसा. मग सगळ्या वाऱ्याने एकाच वेळी घराला धडक दिली. दोरीवर राहिलेला एक उशीचा अभ्रा उडून कुंपणाला चिकटला. पाऊस आडवा आला, त्याच्या मागोमाग गारा, पत्र्यावर असा आवाज की व्हर्नाला स्वतःचं खोकणंही ऐकू येईना. ती शेगडी पेटवायला वाकली तेव्हा तिचे हात गार पडले होते. खिडकीतून बंदर दिसेनासं झालं. धक्का नाही, बोटी नाहीत, नुसती राखाडी भिंत.

दोनला पाच मिनिटं कमी असताना ती रेडिओपाशी बसली. विजा चमकत होत्या आणि प्रत्येक विजेबरोबर रेडिओ तडतडत होता. कढईत मोहरी टाकावी तसं ते अखंड चाललं होतं. तिने हजेरी सुरू केली. बंदरात बांधलेल्या बोटीही रिवाज म्हणून ओ देत.

‘‘लोरेटा.’’

‘‘बांधलीय, व्हर्न. चार दोर लावलेत.’’ डेसचा आवाज तुटक येत होता. ‘‘रॉली आला का कोणाला दिसला?’’

कोणाला काही दिसत नव्हतं. स्वतःच्या बोटीचं टोक दिसत नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, ‘‘पेट्रल, पेट्रल. ऐकतोयस का?’’

तडतड. लांबलचक घरघर. मग त्या सगळ्यातून एक आवाज आला, खट्, आणि थोड्या वेळाने, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळाने, दुसरा. खट्.

व्हर्नाने रेडिओला कान लावला. ‘‘पेट्रल, पुन्हा एकदा. रॉली, मला नीट ऐकू आलं नाही.’’

पुन्हा तडतड. एक खटका झाला, किंवा झाल्यासारखा वाटला. मग वीज चमकली आणि पाच-सहा खटके एकदम आले.

टेलिफोन तिच्या उजव्या हाताला होता. तिने तो उचललाही. सार्जंटचा नंबर तिला पाठ होता. फिरवायच्या आधी तिच्या डोळ्यांपुढे खुर्चीला बांधलेली ती घंटा आली. दारात उभा असलेला भाऊ आला. माणसं वाट बघतात, तो म्हणाला होता. आता कदाचित तो बंदराच्या तोंडाशी असेल, दोन्ही हात सुकाणूवर, बटण दाबायला जेमतेम अंगठा मोकळा. आणि दोन खटके आले होते. तिने ते ऐकले होते.

तिने फोन खाली ठेवला आणि वहीत ‘पेट्रल’पुढे खूण केली.

अर्ध्या तासाने नोलाचा फोन आला. ‘‘हजेरीला आला का तो?’’

‘‘दोन खटके आले,’’ व्हर्ना म्हणाली.

‘‘देवा रे. बरं झालं. मग येईलच. मी सूप गरम करते.’’

व्हर्नाला त्याच वेळी सांगता आलं असतं, की नक्की सांगता येत नाही, विजा फार होत्या. तिने नाही सांगितलं. नोलाच्या आवाजातला ताण सैल पडलेला तिने ऐकला आणि तो पुन्हा ओढायचा तिला धीर झाला नाही.

साडेतीनच्या सुमाराला पाऊस उघडला. बदल आल्यावर असंच होतं, सरीमागून सर येते आणि मध्येच दहा-पंधरा मिनिटं स्वच्छ, धुतल्यासारखं, बोचरं ऊन पडतं. व्हर्ना दुर्बीण घेऊन खिडकीशी गेली. बंदरात आठ बोटी दोरांना हिसके देत होत्या. ‘पेट्रल’ची जागा मोकळी होती. पिवळा बोया पाण्यावर एकटाच नाचत होता.

तिने धावत जाऊन हाक मारली. एकदा, दोनदा, दहा वेळा. आता विजा दूर गेल्या होत्या, रेडिओ स्वच्छ होता. त्या स्वच्छ शांततेत काहीही नव्हतं.

तिने डेसला फोन लावला. ‘‘रॉली आलेला नाही,’’ एवढंच म्हणाली.

‘‘दोनला खटके आले होते ना? मी ऐकत होतो—’’

‘‘डेस, तो आलेला नाही.’’

चारला दहा कमी असताना ‘लोरेटा’ आणि आणखी दोन बोटी बंदराबाहेर पडल्या. व्हर्नाने सार्जंटला कळवलं, मग नोलाला. नोलाकडून फोन ठेवल्याचा आवाज फक्त आला.

डेसला ते पाचला दहा मिनिटं कमी असताना दिसले, दिवस मावळता मावळता. ‘पेट्रल’ उलटली होती आणि तिचा तळ लाटांमध्ये वर-खाली होत होता. तिच्यापासून पाव मैलावर आमिषाची मोठी पेटी तरंगत होती आणि तिला वीम लटकला होता. त्याने रॉलीला कमरेच्या पट्ट्याने पेटीच्या कडीला बांधून ठेवलं होतं. वीम जिवंत होता. रॉली नव्हता. डेसने रेडिओवर सगळं सांगितलं नाही, पण त्याला व्हर्नाला काहीतरी सांगावंच लागलं. तो म्हणाला, ‘‘दोघेही मिळाले, व्हर्न. नोलाला धक्क्यावर येऊ देऊ नकोस.’’

नोला आधीच धक्क्यावर उभी होती.

शुक्रवारी दिवसभर दुसरा बदल येऊन गेला. शनिवारी व्हर्ना बसने माउंट गॅम्बियरला गेली, इस्पितळात वीमला भेटायला. तो तीन पांघरुणांखाली होता, ओठ फुटलेले, दोन्ही तळहातांना पट्ट्या. तिला बघून तो उठायला लागला.

‘‘पडून राहा,’’ ती म्हणाली. ‘‘मला सांग फक्त. काय झालं ते सांग.’’

वीम हळू बोलायचा. इतक्या वर्षांनंतरही शब्द तोलून वापरायचा. म्हणाला, अठरा पिंजरे उचलून झाले होते. मी म्हटलं, रॉली, ते काळं बघ. तो म्हणाला, दोनच राहिलेत. एकोणिसावा वर आला आणि वारा पडला. मग आम्ही निघालो. साडेबाराला वारा आमच्यावर आला. पिंजरे डेकवर रचलेले, बोट वरून जड. एक लाट बाजूने आली, मग दुसरी. दुसरीने ती सरळ झाली नाही.

‘‘किती वाजले होते?’’

वीमने मनगट वर केलं. घड्याळ अजून हातावर होतं, चालूही होतं. ‘‘एक वीस. पाण्यात पडल्यावर मी आधी हेच पाहिलं. काय वेडेपणा, नाही? माणूस बुडतोय आणि किती वाजले बघतोय.’’

व्हर्ना पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिने दोन्ही हातांनी पर्स धरली होती. एक वीस. म्हणजे दोन वाजता रेडिओ पाण्याखाली चाळीस मिनिटं होता.

‘‘तो घाबरला नव्हता, बरं का,’’ वीम म्हणाला. तिला बरं वाटावं म्हणूनच तो सांगत होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ‘‘त्याचा खांदा निखळला होता, पण बोलत होता. मला म्हणाला, वीम, घाबरू नकोस. दोनला म्हातारी हाक मारेल. मी ओ दिली नाही की ती सगळं गाव उठवेल. विमान बोलावेल. राणीलासुद्धा फोन करेल, म्हणाला. ती तशीच आहे. आणि हसला. दोन वाजले तेव्हा मी त्याला घड्याळ दाखवलं. तो म्हणाला, झालं, आता धर तासभर.’’

व्हर्नाने पर्सची कडी उघडली आणि पुन्हा लावली.

‘‘सव्वातीनपर्यंत बोलत होता. मग नाही बोलला.’’ वीमने छताकडे पाहिलं. ‘‘थंडी माझ्या चरबीला कमी लागली. तो तर काठीसारखा होता.’’ थोड्या वेळाने त्याने विचारलं, ‘‘समुद्र फार होता का? डेसला म्हणून उशीर झाला का?’’

‘‘नाही,’’ व्हर्ना म्हणाली. ‘‘मी डेसला साडेतीननंतर सांगितलं. तो निघाला तेव्हा चारला दहा कमी होते.’’

वीमने तिच्याकडे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग नर्स आली, तिने पाण्याचा पेला त्याच्या तोंडाशी धरला, आणि तो पिऊन झाल्यावर त्याने डोळे मिटून घेतले. तो झोपला नव्हता, हे व्हर्नाला कळत होतं.

परतीच्या बसमध्ये तिने ठरवलं की नोलाला सांगायचं. दुसरं कोणी सांगायच्या आत.

नोलाच्या घरी शेगडीजवळ दोन शेजारणी बसल्या होत्या. टेबलावर लोकांनी आणून दिलेली ताटं झाकून ठेवलेली होती, कशालाच हात लागलेला नव्हता. व्हर्ना म्हणाली, मला नोलाशी एकटीशी बोलायचंय. शेजारणी उठून गेल्या. व्हर्नाने कोटही काढला नाही. उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं. ते दोन खटके खटके नव्हते, विजा होत्या. त्या वेळी आपल्याला शंका आली होती. आपण फोन उचलला होता आणि परत ठेवला होता, लोक हसतील म्हणून, तो पुन्हा दारात येऊन ओरडेल म्हणून. आणि तो पाण्यात काय म्हणत होता, तेही.

नोलाने सगळं ऐकून घेतलं. तिच्या मांडीवर रॉलीचा लोकरी स्वेटर होता, त्याच्या कोपराचं भोक ती रफू करत होती. पुरताना त्याला तोच घालायचा होता. सुई चालतच राहिली.

‘‘हे मला का सांगितलंस?’’ शेवटी ती म्हणाली.

‘‘तुला कळायला हवं म्हणून.’’

‘‘मला काय करायचंय कळून? मी काय करू त्याचं?’’ नोलाचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. ‘‘दोन दिवस मी स्वतःला सांगत होते की समुद्राने नेला. समुद्रावर माणूस चिडू शकत नाही. आता तू मला हे दिलंस. तुला हलकं वाटावं म्हणून.’’

व्हर्नाला वाटलं, नाही म्हणावं. पण बसमध्ये हा निर्णय घेतल्यावर छातीवरचं काहीतरी खरंच थोडं उतरलं होतं, आणि ते तिला आठवलं.

‘‘जा आता,’’ नोला म्हणाली.

मंगळवारी, दोन आघाड्यांच्या मधल्या उघडिपीत, रॉलीला पुरलं. ऊन होतं, पण त्याला ऊब नव्हती. खड्ड्याच्या तळाशी पाणी साचलं होतं आणि पाद्रीबाबांच्या हातातली पानं वाऱ्याने उलटत होती. नोला एका बाजूला उभी होती, व्हर्ना दुसऱ्या. सार्जंटने आधीच तिचा जबाब लिहून घेतला होता. तोही म्हणाला, कोणीही तसंच समजलं असतं. गावात सगळे हेच म्हणत होते. दुकानातली बाई म्हणाली, पबवाला म्हणाला. कोणी एकाने जरी तोंडावर शिवी दिली असती, तर व्हर्नाला ती घेऊन घरी जाता आलं असतं.

डेस कबरीपासून फाटकापर्यंत तिच्याबरोबर चालत आला. ‘‘एक सांगू?’’ म्हणाला. ‘‘दोनला तू सांगितलं असतंस तरी मला निघता आलं नसतं. बंदराच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या. तीनपर्यंत तरी नसतंच निघता आलं.’’

‘‘खरं सांगतोयस?’’

‘‘खरं.’’

डेस भला माणूस होता. भला माणूस अशा वेळी खोटं बोलेल की नाही, हे व्हर्नाला ठरवता आलं नाही. पुढेही कधी आलं नाही.

रेडिओ दुसऱ्या कोणाला द्यावा असं तिच्या मनात होतं. कोणाला, हा प्रश्न होता. कोणी पुढे आलं नाही, आणि हंगामाचे तीन दिवस अजून बाकी होते. बुधवारी पहाटे सहाला ती त्या चिंचोळ्या खोलीत जाऊन बसली आणि हवामान वाचलं. नैऋत्येचा वारा, पंचवीस नॉट, सरी, रात्रीतून आणखी एक आघाडी. मग तिने पहिल्या बोटीला हाक मारली.

‘‘लोरेटा. डेस कॅरथ्यू बोलतोय. दोन माणसं. बंदरात. सगळं ठीक.’’

दुसरीनेही तसंच उत्तर दिलं. तिसरीनेही. नाव, माणसं, जागा, सगळं मोठ्याने आणि सावकाश, शाळेत धडा म्हणावा तसं. कोणी कोणाला तसं सांगितलं नव्हतं. कोणी थट्टा केली नाही. आठ बोटी झाल्या आणि व्हर्नाने यंत्र बंद केलं. वहीवरची पेन्सिल तिने सरळ ठेवली.

हंगाम संपायच्या आत समुद्रातला एकूण एक पिंजरा वर यायला हवा, असा नियम आहे. रॉलीचे चाळीस पिंजरे अजून आतल्या कातळांवर होते. डेस आणि इतरांनी आपले सोडून आधी ते उचलले आणि ट्रकमध्ये घालून नोलाच्या अंगणात रचून ठेवले. ती ढीग बघायला बाहेरही आली नाही, असं म्हणतात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, एका सोमवारी सकाळी, व्हर्नाचा फोन वाजला.

‘‘पिंजऱ्यांवरचं शेवाळ वाळायला लागलंय,’’ नोला म्हणाली. ‘‘आता खरवडलं नाही तर निघायचं नाही. ऑक्टोबरला हंगाम उघडला की वीमला ते हवेत.’’ मग थांबली. ‘‘माझ्या एकटीने होत नाही.’’

व्हर्ना जाड मोजे घालून, दोन स्वेटर चढवून गेली. अंगणात वारा होता. दक्षिणेकडून ढगांचे गठ्ठे येत होते, एक सर झोडपून जायची, मग ऊन, मग पुन्हा सर. नोलाने तिच्याकडे पाहिलं नाही. एक तारेचा ब्रश आणि एक बोथट सुरी तिच्यापुढे उलट्या डब्यावर ठेवली.

दोघी कामाला लागल्या. शेवाळ सडलेलं होतं, त्याला खारट कुबट वास येत होता. वेताच्या कांबीवर शिंपल्यांची बारीक पांढरी पुटं चढली होती, ती सुरीने उचकटावी लागत. पाऊस आला की त्या छपराच्या वळचणीला उभ्या राहायच्या, हातभर अंतर ठेवून, आणि थांबला की परत यायच्या. व्हर्नाची बोटं बधिर झाली. तिला सांगावंसं वाटलं, की मी रोज सकाळी उठते तेव्हा पहिली दोन-तीन मिनिटं मला काही आठवत नाही, आणि मग आठवतं. पण नोलाला आधीच एकदा तिने खूप काही दिलं होतं. तिने ब्रश पुन्हा कांबीवर फिरवला.

नवव्या की दहाव्या पिंजऱ्याला नोलाने हात थांबवला. तळाची कांब मोडलेली होती.

‘‘हा फेकायचा?’’ व्हर्नाने विचारलं.

नोलाने तो फिरवून पाहिला, कांब वाकवून पाहिली, बोटाने भोक चाचपलं. ‘‘नको. नीट होईल,’’ ती म्हणाली. ‘‘बाजूला ठेव. तिकडे, कुंपणाशी. आणि तो पुढचा दे.’’

व्हर्नाने पुढचा उचलला. समुद्रावर पुन्हा अंधारून आलं होतं.